कमी पडलेले कटोरे

बाई अंगावरचे कपडे उतरवून गरम दगडावर बसली की तिचा खरा हिशेब लागतो. काळ्या समुद्राच्या काठच्या आमच्या सिनोप गावचा बायकांचा हमामखाना मी अर्ध्या आयुष्यापासून चालवते. कोणाच्या बांगड्या सोन्याच्या, कोणाच्या नुसत्या मुलाम्याच्या, कोणाच्या पाठीवर पट्ट्याचे वळ, कोणाला दिवस गेलेत आणि ती अजून सासूपासून लपवतेय, सगळं मला वाफेतून दिसतं. तोंडाने मी चकार शब्द काढत नाही. मनात मात्र जमा आणि खर्च मांडून ठेवते.

आपला सुलतान आणि मॉस्कोचा झार यांच्यात युद्ध पेटलं त्या वर्षी, थंडीच्या तोंडाला, मला मनात काही वेगवेगळं मांडावंच लागलं नाही. काजीची बायको काय आणि मच्छीवाली काय, दगडावर बसली की दोघींच्या खात्यात एकच रक्कम निघायची, ती म्हणजे भीती.

सुलतानाचं आरमार बाटूमकडे निघालं होतं. वादळाने झोडपलं म्हणून ते आमच्या खाडीत शिरलं आणि गावासमोर, किनाऱ्याला अगदी चिकटून, ओळीने नांगर टाकून उभं राहिलं. सुरुवातीला बायका खूश होत्या. दारात एवढी जहाजं म्हटल्यावर कोणाची छाती आहे इकडे बघायची, असं काजीची बायको म्हणाली आणि त्या दिवशी तिने साबणही जास्त वापरला. मग खाडीच्या तोंडाशी मॉस्कोवाल्यांची जहाजं दिसू लागली. वसुलीला आलेला माणूस आत न येता दारावरून येरझारा घालतो ना, तशी. एकदा वादळात ती दिसेनाशी झाली, तेव्हा काहींनी नवस फेडले. ती परत आली तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त होती.

मी हमामाच्या गच्चीवरून बघत असे. किनाऱ्यावर आपल्या तोफा, समोर खाडीत मॉस्कोवाले आणि मध्ये आपलीच जहाजं. म्हणजे किनाऱ्यावरची तोफ उडवायची तर पहिलं भोक आपल्याच जहाजाला. आणि त्यांचा नेम जरा उंच गेला की गोळा थेट आमच्या चुलीवर. हे कप्तानांना दिसत नसेल असं नाही. पण घाबरलेला माणूस भिंतीला पाठ लावून उभा राहतो. त्यांनी आमच्या गावाला पाठ लावली होती.

जहाजांवरचे खलाशी माझ्या दाराबाहेरच्या झऱ्यावर पखाली भरायला यायचे. त्यांत मिसर देशचेही होते. त्यांची भाषा आम्हाला कळत नसे. एका हडकुळ्याच्या मनगटावर निळा मासा गोंदलेला होता. पाणी हवं असलं की तो अंगठा ओठांना लावून मान मागे टाकायचा आणि हसायचा. माझ्या कामवाल्या पोरी त्याची नक्कल करून खिदळायच्या. त्या दिवसांत हसायला तेवढंच मिळत होतं.

आता सबीहाचं सांगते. सबीहा म्हणजे माझी शेजारीण आणि माझं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. हमाम आणि तिचं घर यांच्यात एक गल्ली, बस. या बाईने आयुष्यात एकदाही माझ्याकडे न कुरकुरता आंघोळ केलेली नाही. पाणी कोमट आहे, कटोरा अर्धाच भरलास, माझ्या आधी आलेल्या बाईला तू जास्त घातलंस. तिचा धाकटा मुलगा पलटणीबरोबर बाटूमला होता. घरात ती, सून इफ्फेत आणि इफ्फेतचं तान्हं, हलील.

बाळंतिणीने चाळीस दिवस उंबरा ओलांडायचा नाही, हा आमच्याकडचा नेम. तोवर एक लाल बाई, हडळच ती, टपलेली असते. तिचं नाव घेत नाहीत, नुसतं ‘ती’ म्हणतात. ती बाळंतिणीचं काळीज काढून घेते आणि पाण्याकडे धावते. ते काळीज पाण्यात बुडालं की बाळंतीण संपली. म्हणून बाळंतिणीच्या डोक्याला लाल फडकं बांधतात, उशाखाली लोखंड ठेवतात, तिला एकटी सोडत नाहीत. चाळिसाव्या दिवशी हमामात आणून मी तिच्यावर चाळीस कटोरे पाणी ओतते आणि ती मोकळी होते. इफ्फेतचे अजून दहा-बारा दिवस उरले होते.

या गोष्टीला सबीहाला हसायची सोय नव्हती. तिच्या थोरल्या सुनेच्या बाळंतपणात गल्लीत आग लागली, म्हणून लोकांनी त्या पोरीला घोंगडीत गुंडाळून बाहेर काढलं. आग घरापर्यंत आलीच नाही. पोरीला ताप भरला आणि आठवड्यात ती गेली. तिची शेवटची आंघोळ मीच घातली होती. तेव्हापासून सबीहा आगीला भीत नाही, उंबऱ्याला भिते.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस आणि धुकं. मी भट्टी पेटवली होती, पण एकही बाई आली नाही. दुपारच्या अजानीच्या सुमारास धुकं जरा वर उचललं आणि त्याखालून मॉस्कोवाल्यांची जहाजं आत येताना दिसली. उंच, काळी, दोन रांगांत, अजिबात घाई नसलेली.  मी गच्चीवर उभी राहून ती मोजत होते.

पहिली तोफ आपली उडाली. त्यानंतर कोणाची कुठली हे कळेनासं झालं. त्यांचे गोळे साधे नव्हते. जिथे पडत तिथे आणखी एकदा फुटत आणि फुटल्यावर आग लागे. आपली जहाजं जागच्या जागी उभी राहून मार खात होती. त्यांच्या डोक्यावरून सुटलेले गोळे गावात येत होते. बंदराजवळचं दोरखंडाचं गोदाम पेटलं, मग सुताराचं घर, मग त्या ओळीतली सगळीच. लोक पश्चिमेच्या दरवाजाकडे पळत सुटले, डोंगरावर जायला. घोडी असलेले आधी पोचले, गाढवं असलेले नंतर, आणि उरलेल्यांनी पोरं खांद्यावर घेतली.

मीही निघाले होते, खोटं कशाला सांगू. गल्लीत आले तर सबीहाचं दार आतून बंद. मी दोन्ही हातांनी ते बडवलं.

तिने दार किलकिलं केलं. मी सांगितलं, पोरीला उठव, गल्लीच्या तोंडाचं घर पेटलंय.

“पेटू दे. माझ्या घराला दगडी भिंत आहे.”

“आणि छप्पर? ते काय लोखंडाचं आहे?”

“नाजिये, तू पाणी मोजणारी बाई. पाणीच मोज. माझे दिवस मला मोजू दे.”

मी तिला बाजूला सारून आत गेले. इफ्फेत खाटेवर बसली होती. डोक्याला लाल फडकं, पोर छातीशी, आणि दात असे वाजत होते की मला दारातून ऐकू आलं. ती सासूला काही बोलली नसणार. ती बोलणाऱ्यांतली नव्हतीच. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. एवढ्यात बाहेर काहीतरी फुटलं, छपराची माती आमच्या डोक्यांवर पडली आणि हलील किंचाळला.

सबीहाशी वाद घालून उपयोग नव्हता. बाजारात अडून बसलेल्या माणसाला तत्त्व शिकवायचं नसतं, त्याला दुसरा भाव सांगायचा असतो. मी म्हटलं, तुझा नेम मोडायचा नाही ना, नको मोडूस. मी तिचं चाळिसावं इथल्या इथे घालते. काही घरांत विसाव्यालाच निम्मं घालतात, हे तुलाही ठाऊक आहे. हिचे तर त्याहून जास्त भरलेत. चाळीस कटोरे अंगावर पडले की ती मोकळी, मग उंबऱ्याबाहेर काय आणि डोंगरावर काय.

सबीहाने इफ्फेतकडे पाहिलं. तिच्या तोंडावर मला तिची थोरली सून दिसली आणि धाकटी दिसली. मग तिने कोपऱ्यातला पाण्याचा रांजण दाखवला.

“पुरे चाळीस,” ती म्हणाली. “तुझे हमामातले अर्धे कटोरे नकोत. काठोकाठ.”

पोर मी तिच्या हातात दिलं. तिने एका हाताने पोर धरलं आणि दुसऱ्या हाताने जपमाळ काढली. माझ्या बोटातली अंगठी मी कटोऱ्यात टाकली, तशी रीतच आहे, आणि ओतायला लागले. पाणी बर्फासारखं. इफ्फेत तोंड दाबून बसली होती. प्रत्येक कटोऱ्याला सबीहा एक मणी सारत होती आणि आकडा मोठ्याने म्हणत होती. बाहेर तोफा, आत तिचा आवाज. इतकी वर्षं या बाईच्या मोजण्याचा मला वैताग होता. त्या दिवशी तिचा आवाज थांबू नये असं वाटत होतं, कारण तो थांबला की बाहेरचंच ऐकू येणार होतं. खिडकीच्या फटीतून धूर येऊ लागला. घाईघाईत प्रत्येक कटोऱ्यातलं थोडं जमिनीवर जात होतं, आणि सबीहा ते बघत होती.

तीस झाले. एकतिसावा भरताना कटोरा रांजणाच्या बुडाला घासला.

तो ओतून बत्तिसाव्यासाठी मी रांजण कलता केला. चिखल आला. विहीर गल्लीच्या तोंडाशी होती, माझ्या हमामाचं दार आणि झराही त्याच अंगाला, आणि गल्लीचं तोंड जळत होतं.

“नऊ राहिले,” सबीहा म्हणाली.

मी म्हटलं, अल्ला काय बोटं मोजत बसलाय, एवढ्यावर भागेल. ती म्हणाली, अल्लाचं मला ठाऊक नाही, ‘ती’ मात्र मोजते. मग तिने खाटेकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही खाटेला मिठी मारून बसणार आणि आम्ही चौघंही इथेच जळणार.

तिने पोर माझ्याकडे दिलं. इफ्फेतच्या डोक्याचं लाल फडकं सोडलं आणि स्वतःच्या पांढऱ्या केसांवर बांधलं. सुनेला आपला कोरडा झगा घातला, वर घोंगडी गुंडाळली, आणि स्वतः खाटेवर जाऊन पांघरूण गळ्यापर्यंत ओढून आडवी झाली.

“खाट रिकामी दिसली तर ती वास काढत मागे जाते,” ती म्हणाली. “भरलेली दिसली की इथेच बसते. नऊ कटोऱ्यांचं मी बघून घेते. तुम्ही निघा.”

इफ्फेतचं तोंड तेव्हा उघडलं. “आई, तुम्ही पण चला. तुमचं काळीज घेईल ना ती.”

“घेऊ दे की. इतकं चिवट आहे, तिचेच दात पडतील.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “बाहेर गेल्यावर हिला नावाने हाक मारू नकोस. नाव कळलं की तिला रस्ता कळतो.”

चिडावं की रडावं मला कळेना. दोन्हींनाही वेळ नव्हता. मी पोर झग्याखाली घेतलं, सुनेचा दंड धरला आणि निघाले.

गल्लीच्या मागच्या अंगाने आम्ही तटापाशी आलो. तिथून खाडी दिसत होती. आपलं एक मोठं जहाज मधोमध पेटलं होतं आणि दोर जळाल्यामुळे सुटून किनाऱ्याकडे येत होतं. त्यावरून माणसं पाण्यात उड्या मारत होती. मग ते फुटलं. आवाज आला त्याच्या आधी उजेड आला, आणि उजेडात मी जे वर उडताना पाहिलं ते लाकूड होतं असं मी इफ्फेतला सांगितलं. थोड्या वेळाने ते आमच्या आजूबाजूला पडायला लागलं, तेव्हा तिला समजलंच.

डोंगरावर एका धनगराच्या वाड्यात आम्ही तीस-चाळीस जणं मेंढ्यांच्या उबेला दाटीने बसलो. तोफा संध्याकाळी थांबल्या, पण खाली आकाश रात्रभर लाल होतं आणि अधूनमधून जळतं जहाज फुटलं की मेंढ्या एकदम उठून उभ्या राहत. पोराला दूध मिळत होतं. इफ्फेतच्या कपाळावर मी सारखी हात ठेवून बघत होते. गरम लागलं की पुन्हा ठेवून बघायचे, मग लक्षात यायचं की माझाच हात गार आहे. तिला मी एकदाही नावाने हाक मारली नाही. या गोष्टींवर माझा फारसा विश्वास नाही, पण त्या रात्री मी ‘ए पोरी’ यापलीकडे गेले नाही.

उजाडलं तेव्हा तिला ताप नव्हता. तिला इतर बायकांच्या हवाली करून मी खाली उतरले. मॉस्कोवाले अजून खाडीतच होते. आमचा मोहल्ला म्हणजे ओळीने चुलीच तेवढ्या उभ्या. भिंतीच्या कडेकडेने, कोणी बघू नये म्हणून वाकून, मी सबीहाच्या घरापाशी आले. दगडी भिंत होती, तिचं खरं होतं. छप्पर नव्हतं. खाटेचे लोखंडी पाय राखेत सापडले. मी काठीने राख उकरून पाहिली. जे सापडेल त्याची भीती होती. काहीच सापडलं नाही, तर आणखी भीती वाटली.

माझ्या हमामाचा घुमट शाबूत होता. दार सताड उघडं.

आत अजून थोडी ऊब होती. आदल्या दिवशीची भट्टी. घुमटाच्या भोकांतून उजेड पडायला लागला होता. मधल्या दगडावर सबीहाच्या घरातली गादी अंथरलेली होती. ती स्वतः गादीवर नव्हती. भिंतीतल्या पाण्याच्या कुंडीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून, ती जमिनीवर बसली होती. डोक्याला लाल फडकं. एका हातात माझी लाकडी खडाव. तिच्यापासून दोन हातांवर कोणीतरी पालथं पडलं होतं.

“पोरीला ताप?” तिने विचारलं.

“नाही.”

“पोर?”

“दूध पितंय.”

तिने खडाव खाली ठेवली. मग ती सांगत गेली, माझ्याकडे न बघता. गल्लीच्या तोंडाची आग ओसरली आणि घराला लागली, तेव्हा तिने गादी ओढत इथे आणली. गादी भरलेली असली म्हणजे झालं, ती कुठे असावी असं कोणी सांगितलेलं नाही. अंधार पडल्यावर दारातून ‘ती’ आली. सरपटत. अंगभर लाल, डोक्यावर एक केस नाही, भुवया नाहीत. काहीतरी बोलत होती, आपल्या भाषेत नाही. गादीकडे तिने पाहिलंही नाही. सरळ पाण्याकडे निघाली.

“मला वाटलं, काळीज तिने डोंगरावरूनच आणलंय,” सबीहा म्हणाली. “पोरीचं. आता पाण्यात बुडवायचं तेवढं राहिलंय.”

म्हणून सबीहा कुंडीच्या पुढे येऊन बसली. ‘ती’ पुढे आली की सबीहा खडाव मारायची. ती थांबायची, पुन्हा यायची. हात लांब करायची. एकदा तिने सबीहाचा पाय धरला. मारून मारून सबीहाचा हात दुखायला लागला, पण पाण्याचा एक थेंब तिने तिला मिळू दिला नाही. मागाहून ती नुसतीच पडून राहिली, आणि आवाजही थांबला.

 खाली वाकून मी त्या पालथ्या पडलेल्याचा हात उलटा केला. कातडी भाजून लाल झाली होती, तरी मनगटावर निळ्या माशाची शेपूट ओळखू येत होती. दुसऱ्या हाताचा अंगठा अजून ओठांपाशी होता.

“तिचे पाय उलटे असतात म्हणतात,” सबीहा म्हणाली. “अंधारात मला दिसले नाहीत. उजाडल्यावर पाहिले.” तिने खडाव दूर ढकलली. “सरळ होते, नाजिये.”

आम्ही दोघींनी त्याला धुतलं. पुरुषाला बाईने धुवायचं नसतं, पण विचारायला गावात कोणी नव्हतं. पाणी ओतायचं काम मी केलं. सबीहाने कटोरा हातात धरला नाही.

दोनेक दिवसांनी मॉस्कोवाले निघून गेले. लोक परतले. लाटांबरोबर माणसं येतच होती आणि त्यांना बंदराशेजारी वाळूत मोठे खड्डे खणून पुरत होते. मिसरवालाही त्यांतच गेला. इफ्फेतला सबीहाने एवढंच सांगितलं, की रात्रभर हमामात झोपले, चांगली ऊब होती.

चाळिसाव्या दिवशी मी जळक्या घरांची लाकडं घालून भट्टी पेटवली. इफ्फेतला दगडावर बसवलं आणि पुरे चाळीस ओतले, काठोकाठ. मी मुद्दाम एक कटोरा आधी अर्धाच भरून धरला, सबीहा काही बोलतेय का बघायला. ती भिंतीकडे बघत होती. मग तिने न विचारता बादली उचलली, कुंडीतून नऊ कटोरे मोजून त्यात घातले आणि बाहेर पडली. मी दारातून पाहिलं. ती खड्ड्यांपाशी गेली आणि वाळूवर एक एक कटोरा ओतू लागली. मध्येच थांबायची, आजूबाजूला बघायची, पुन्हा ओतायची.

आई कुठे गेल्या, म्हणून इफ्फेतने विचारलं. मी सांगितलं, तुझं राहिलेलं पाणी घालायला.

ज्या रात्री सबीहा त्या पाण्यापुढे बसली, त्या रात्री इफ्फेतला ताप आला नाही. ही एक बाजू. दुसऱ्या बाजूला काय आहे ते मी पाहिलं आहे. या दोन बाजू मी पुष्कळ वेळा शेजारी मांडून बघितल्या. ते खातं मी तसंच उघडं ठेवलंय.

सबीहा अजून येते. पाण्याबद्दल आता ती कुरकुरत नाही, आणि खरं सांगायचं तर मला करमत नाही. ती दाराजवळच्या कुंडीपाशी बसते. वाफेतून कोणी आत आलं की आधी अंग चोरते, मग खाली वाकून येणारीचे पाय बघते. आणि पाय बघून झाले की कोणीही असो, तिने मागण्याआधी कटोरा भरून पुढे करते.